दहा नंबरचा खांदा

गंगापूर रोडला माझं फिजिओथेरपीचं क्लिनिक आहे. दोन खोल्या, मधे पडदे, बाहेर बसायला एक बाकडं. पेशंट म्हणजे गुडघे धरून येणाऱ्या आज्या, मान अवघडलेले आयटीवाले, आणि सातपूरच्या कारखान्यांत मशीनसमोर उभं राहून कंबर गेलेले कामगार. त्यामुळे त्या सकाळी भाजक्या विटेच्या रंगाचा एक गोरा माणूस दारातून आत आला तेव्हा बाकड्यावरच्या आज्यांनी सरकून त्याला जरा जास्तच जागा करून दिली.

पन्नाशीचे गृहस्थ. उंची बेताची, केस पांढरे, उजवा हात अंगाशी धरलेला. त्यांना धड केस विंचरता येत नव्हते, शर्ट घालताना बायकोला बोलवावं लागत होतं. खांदा पार आखडला होता. बायको वाइन बनवण्यातली जाणकार. गंगापूर धरणाच्या बाजूच्या एका वायनरीनं तिला करारावर ऑस्ट्रेलियातून बोलावून घेतलं होतं, आणि हे तिच्याबरोबर आले होते.

“आणि तुम्ही काय करता?” मी केसपेपर भरताना इंग्रजीत विचारलं.

“मी भाजी आणतो,” ते म्हणाले. थट्टा नव्हती. सकाळी बाजारात जायचं, ‘केवढ्याला’ विचारायचं, घरी येऊन स्वयंपाक करायचा, हे त्यांचं नाशिकमधलं काम होतं.

मी एक्स-रे उजेडासमोर धरला. खांद्यात दोन जुने स्क्रू होते.

“हे कुठून आले?”

“रग्बी.”

रग्बी मला टीव्हीवर चॅनेल बदलताना दिसायचं तेवढंच ठाऊक. चिखलात माखलेली धिप्पाड माणसं एकमेकांवर ढीग करून पडलेली, आणि त्यात बॉल कुठे आहे ते कोणालाच दिसत नाही. मी तसं म्हटलं, तर ते हसले. म्हणाले, “त्या ढिगातून बॉल बाहेर येतो ना, तो ज्याच्या हातात पहिल्यांदा लांब फेकला जातो, तो मी. फ्लाय-हाफ. पाठीवर दहा नंबर.”

आखडलेला खांदा सुटायला महिने लागतात आणि उपचार करताना दुखतंही खूप. मी हात धरून हळूहळू वर नेत असे, आणि दुखण्यावरून लक्ष उडावं म्हणून पेशंटला बोलतं ठेवत असे. आज्या सुनांबद्दल बोलतात. हे रग्बीबद्दल बोलायचे. एकदा त्यांनी डाव्या हातानं माझ्या टेबलावरचा क्रेप बँडेजचा रोल घेतला आणि पलंगावर मांडामांड करून मला सगळा खेळ समजावला. बॉल हातानं पुढे फेकायचा नाही, मागेच द्यायचा. पुढे न्यायचा तर घेऊन पळायचं नाहीतर लाथेनं उडवायचा. दहा नंबरच्या हातात बॉल येतो तेव्हा समोरून दोघं-तिघं त्याला आडवं करायला सुटलेले असतात. पळायचं, बॉल उडवायचा, की शेजारच्याला द्यायचा, हे त्यानं तेवढ्यात ठरवायचं.

“चुकलं तर?”

“चुकलं तर सगळ्या मैदानाला दिसतं.”

“आणि बरोबर ठरवलं तर?”

“तर ज्याला पास दिला त्याचा फोटो पेपरात येतो.”

अशी त्यांची हकिगत तुकड्या-तुकड्यांनी कळत गेली. गाव लहान, गव्हाच्या शेतांमधलं. वडील धान्याचा ट्रक चालवायचे. हा मुलगा अंगानं किरकोळ, पण डोकं भराभर चालायचं, म्हणून शाळेत दहा नंबरची जागा मिळाली आणि ती त्यानं पुढे कधी सोडली नाही. आपल्या राज्याच्या संघातून बरीच वर्षं खेळले. एका वर्षी देशाच्या संघात निवड झाली. आईवडील, शेजारी, शाळेतले मास्तर, सगळे मोटारी काढून शहरात गेले. पण त्यांच्या जागेवर दुसरा एक फार मोठा खेळाडू होता. हे राखीव. मॅचमागून मॅच बाकावर बसून काढल्या. शेवटच्या मॅचला, संपायला थोडाच वेळ राहिला असताना आत पाठवलं.

“मग?” माझा हात थांबला.

“दोनदा बॉल मिळाला. एकदा उडवला, एकदा पास दिला. मग शिट्टी झाली.”

“आणि?”

“आणि काही नाही. देशासाठी मी एवढंच खेळलो.”

मी त्यांचा हात पुन्हा वर न्यायला लागले. ते शांतपणे म्हणाले, “पास चांगला होता.”

पुढे काही वर्षं परदेशी क्लबांतून खेळले. तिथेच खांदा निखळला, पुन्हा निखळला, स्क्रू बसले, खेळणं संपलं. मग कोच झाले. आधी दुसऱ्याच्या हाताखाली, नंतर एका क्लबचे मुख्य कोच. पहिलं वर्ष बरं गेलं. दुसऱ्या वर्षी संघ हरायला लागला तो हरतच राहिला. पेपरवाले लिहायचे, लोक पेट्रोल पंपावर गाठून सल्ले द्यायचे. रोज पहाटे डोळे उघडे. एका संध्याकाळी दुकानात मासे घ्यायच्या रांगेत उभे असताना क्लबच्या अध्यक्षांचा फोन आला, की उद्यापासून येऊ नका.

“बापरे. मग तुम्ही काय केलंत?”

“माझा नंबर आला होता. मासे घेतले. घरी येऊन शिजवले, बायकोला सांगितलं, आणि झोपलो ते दुसऱ्या दिवशी दुपारी उठलो.”

“वाईट नाही वाटलं?”

“वाटलं ना. पण ते नंतर. आधी सुटल्यासारखं वाटलं.”

बायकोनं त्या दुपारी चहा दिला आणि म्हणाली, आता माझी पाळी. त्यानंतर नाशिकचं काम आलं आणि दोघं इकडे आली. मैदानावर परत पाऊल टाकायचं नाही, टीव्हीवरसुद्धा बघायचं नाही, असं त्यांनी ठरवून टाकलं होतं.

हे सगळं चालू असताना माझ्या घरात काय चाललंय ते मला माहीत नव्हतं. माझी मुलगी तेव्हा अकरावीत होती. सकाळी कॉलेजच्या मैदानावर धावायला जाते, असं तिनं सांगितलेलं. एका रविवारी केस धुऊन बाहेर आली, टॉवेल सरकला, आणि गळ्याच्या हाडाखाली तळहाताएवढा जांभळा डाग दिसला.

“हे काय?”

“पडले. जिन्यावरून.”

बावीस वर्षं मी माणसांची पडझड बघते आहे. जिन्यावरून पडल्यावर तिथे लागत नाही. मी जवळ जाऊन डाग नीट बघितला. तिनं टॉवेल वर ओढला.

“आई, ओरडणार नसशील तर सांगते.”

“सांग.”

“रग्बी.”

मी आधी हसलेच. ज्या गावात हा शब्द कधी कानावर पडत नाही, तिथे तो माझ्याकडे दोन दारांनी आला होता. मग हसू गेलं आणि मी ओरडले. नवरा पेपर घेऊन आतल्या खोलीतून आला. त्याचं म्हणणं, खेळू दे की, मोबाइल घेऊन बसण्यापेक्षा बरं. मी म्हटलं, “तू गुडघ्यातलं लिगामेंट तुटलेली पोरगी बघितली आहेस? मी रोज बघते.” मुलगी म्हणाली, “तुला त्या खेळातलं काही कळत नाही, आई. ज्याला कळतं अशा कोणालातरी विचार.”

ते ऐकल्यावर मला वाटलं, देवच पावला. असा माणूस माझ्याच पलंगावर आडवा असतो, आणि त्याच्या अंगावरच सगळा पुरावा आहे.

मंगळवारी त्यांच्या वेळेला मी तिला क्लिनिकवर बोलावून घेतलं. ओळख करून दिली आणि म्हटलं, “हिला जरा सांगा, या खेळानं तुम्हाला काय काय दिलं.” त्यांनी एकदा माझ्याकडे पाहिलं. माझा डाव त्यांच्या लगेच लक्षात आला असणार. तरी त्यांनी काही लपवलं नाही. खांद्याचे स्क्रू सांगितले, तीनदा मोडलेलं नाक सांगितलं, बाकावर काढलेलं वर्ष सांगितलं, माशाच्या रांगेतला फोनही सांगितला. मुलगी स्टुलावर बसून ऐकत होती. मी मनातल्या मनात त्यांचे आभार मानत होते.

त्यांचं झाल्यावर ती म्हणाली, “सर, मीपण दहा नंबरच खेळते.”

त्यांनी तिला एकदा नीट न्याहाळलं. मग विचारलं, “टॅकल कोणी शिकवलं?” समोरून पळत येणाऱ्याला अंगानं आडवं करायचं, त्याला टॅकल म्हणतात.

“कोणी नाही. मोबाइलवर व्हिडिओ बघून आम्हीच शिकलो.”

“डोकं कुठे ठेवतेस?”

तिनं उठून दाखवलं. ते पटकन उठून बसले, खांदा विसरून, आणि कळवळले. मग माझ्याकडे वळून म्हणाले, “डॉक्टर, एक तर हिचं खेळणं पूर्ण बंद करा. नाहीतर मला मैदानावर येऊ द्या. आत्ता चाललंय हे सगळ्यात वाईट. ती डोकं पुढे घालते आहे.”

मला तर फसवल्यासारखं झालं. मी ज्यांना माझ्या बाजूनं उभं केलं, ते पलीकडे जाऊन बसले. दोन दिवस मी त्यांच्याशी कामापुरतंच बोलले. पण रात्री ताटं वाढताना, गाडी चालवताना, ते वाक्य डोक्यातून जाईना. मी बंद केलं तर ही बंद करेल का? जिन्यावरून पडायला परत सुरुवात करेल. शेवटी मीच फोन केला. “या तुम्ही मैदानावर. पण मीपण येणार.”

मैदान म्हणजे एका कॉलेजच्या मागची मोकळी जागा, गोलपोस्टच्या जागी बांबू बांधलेले. निम्म्या मुली आमच्यासारख्या घरांतल्या, निम्म्या पेठ-सुरगाण्याकडच्या, शहरात वसतिगृहात राहून शिकणाऱ्या. कॅप्टन त्यांच्यातलीच एक, सुरगाण्याकडची. पायात वारं भरल्यासारखी पळायची. माझ्या पेशंटनी पहिल्याच दिवशी सांगून टाकलं, मला कोच म्हणायचं नाही. मग काय म्हणायचं यावर मुलींची कुजबुज झाली आणि त्यांनी काका ठरवलं. काकांनी मला अर्थ विचारला. बापाचा भाऊ, म्हटलं. त्यांना आवडलं.

आणि मग सुरू झालं पडणं. पळणं नाही, बॉल नाही. गुडघ्यावर बसून एकमेकींना धरायचं आणि पडायचं. डोकं समोरचीच्या पाठीमागे, गाल तिच्या कमरेला चिकटलेला, खांदा पुढे. पहिले काही आठवडे एवढंच. त्यांचं इंग्रजी मुलींना कळत नसे, म्हणून ते बोलले की मी मराठीत ओरडायची, “डोकं मागे! डोकं मागे ठेव गं!” एका सकाळी कॅप्टन वैतागून म्हणाली, “काका, आमी खेळाया आलोय, लोळाया नाय!” मी भाषांतर केलं. ते म्हणाले, “तिला सांगा, नीट लोळता आलं की नीट खेळता येतं.” ती तोंड वाकडं करून परत गुडघ्यावर बसली.

माझ्या मुलीला ते वेगळं घेऊन बसायचे. बॉल हातात यायच्या आधी समोर बघ. बॉल आल्यावर बघशील तर उशीर झालेला असतो. हे त्यांनी तिला इतक्यांदा सांगितलं, की घरी जेवताना ती आमटी घ्यायच्या आधी सगळं ताट न्याहाळायची, आणि तिचा बाप हसायचा. मी हसत नसे. मैदानाच्या कडेला उभी राहून मी घोटे बांधून द्यायची, बर्फाची पिशवी सांभाळायची आणि प्रत्येक टॅकलला डोळे मिटायची.

पहिली खरी मॅच लासलगावच्या बाजूला एका कॉलेजच्या मैदानावर होती, शेजारच्या जिल्ह्याच्या संघाशी. कांद्याचा हंगाम होता. बाजार समितीकडे जाणाऱ्या ट्रॅक्टरांची रांग रस्त्यावर लागलेली आणि त्यात आमची बस अडकली. मुलींनी बसमध्येच कपडे बदलले. पोचलो तेव्हा पलीकडच्या मुली अंग गरम करायला उड्या मारत होत्या, आणि आमच्यापेक्षा चांगल्या थोराड होत्या.

पहिला अर्धा भाग आमच्या मुली दबल्या. दुसऱ्यात सावरल्या. माझ्या मुलीनं एकदा बॉल असा उडवला की तो त्यांच्या मागे मोकळ्या जागेत पडला. कॅप्टन वाऱ्यासारखी गेली आणि तिनं तो रेषेपलीकडे जमिनीला टेकवला. बरोबरी झाली. मी ओरडले. त्या मॅचमध्ये पहिल्यांदाच माझे डोळे उघडे राहिले होते.

त्यामुळे पुढचं मला पूर्ण दिसलं. पलीकडची एक दांडगी मुलगी बॉल घेऊन सरळ माझ्या मुलीच्या अंगावर आली. हिनं तिला धरलं, डोकं मागे, अगदी शिकवल्यासारखं. दोघी पडल्या. दुसरी उठली. माझी उठली नाही.

मी संघाची फिजिओ होते. सगळ्यांच्या आधी मीच पळायला हवं होतं. पाय हलेनात. काकांनी मागून माझं नाव न घेता एवढंच म्हटलं, “डॉक्टर.” तेव्हा हलले. कशी पोचले आठवत नाही. ती पाठीवर होती, डोळे मोठे, तोंड उघडं, आवाज नाही. मी कोणाला मानेला हात लावू न देता तिच्या डोक्याशी गुडघे टेकले आणि दोन्ही हातांनी डोकं स्थिर धरलं.

“बोलू नको. हलू नको. बोटं हलव. हाताची.”

हलली.

“पायाची.”

बूट हलले. मग तिनं एकदम मोठा श्वास घेतला, खोकली, आणि रडत म्हणाली, “आई, बॉल कोणाकडे गेला?”

पोटावर आदळून श्वास अडकला होता, तेवढंच. पण पडताना डोकंही जमिनीला लागलेलं मी पाहिलं होतं. मी मान तपासली, मणके चाचपले. काका शेजारी टेकले आणि त्यांनी तिला विचारलं, आपण कुठे आहोत, स्कोअर काय आहे, आधीच्या वेळी बॉल कोणत्या बाजूला उडवलास. तिनं सगळं सांगितलं. फक्त शेवटच्या उत्तराआधी जराशी थांबली.

“मी ठीक आहे. मला खेळायचंय,” ती म्हणाली.

ते माझ्याकडे बघत होते. “तुम्ही ठरवा. आई म्हणून नाही, फिजिओ म्हणून.”

मी आधी फिजिओ म्हणून विचार केला आणि मग आई म्हणून. दोघींचं उत्तर एकच आलं. “बाहेर,” मी म्हटलं.

ती रागानं लाल झाली. बाहेर येऊन माझ्यापासून लांब बसली, आणि तिथूनच ओरडून ओरडून आतल्या मुलींना सांगत राहिली. आम्ही थोडक्यात हरलो. बसमध्ये कोणी गाणं म्हटलं नाही.

मी आणि काका तिला घेऊन बसमधून थेट नाशिकला हॉस्पिटलात उतरलो. तोवर नवराही पोचला. तिला स्कॅनसाठी आत नेलं आणि आम्ही तिघं बाहेर बाकावर बसलो. त्यांच्या कपाळावर लासलगावची धूळ तशीच होती.

“मी कोच होतो ना,” ते हळूच म्हणाले, “तेव्हा कोणी खेळाडू पडला की माझा एक डोळा त्याच्यावर असायचा आणि एक स्कोअरवर. कितीही नाही म्हटलं तरी जायचाच. आज दोन्ही डोळे तिच्यावर होते. किती बरं वाटलं, तुम्हाला सांगू शकत नाही.”

मी नवऱ्याला ते मराठीत सांगितलं. त्याला इंग्रजी येतं, तरी सांगितलं. काहीतरी बोलायला हवं होतं.

मग डॉक्टर बाहेर आले. तरुण होते, हातात चहाचा कप होता. म्हणाले, “सगळं नॉर्मल आहे. काही दिवस आराम, खेळ बंद, डोकं दुखलं तर लगेच या.” नवऱ्यानं काकांना मिठी मारली, दुखऱ्या खांद्यासकट. ते ओरडले, आणि मग आम्ही तिघंही हसत सुटलो, इतके की नर्स बघायला आली.

घरी जाताना गाडीत मुलगी पहिल्यांदा बोलली. “म्हणजे मी आत राहिले असते तरी चाललं असतं.”

“हो,” मी म्हटलं. “आणि पुढच्या वेळीही मी काढीनच.”

थोड्या वेळानं ती म्हणाली, “भूक लागलीय.” आम्ही गाडी थांबवून वडापाव घेतले. मला दुसराही लागला.

ती पुढे परत खेळली. बारावीच्या परीक्षेपुरतं थांबली आणि मग पुन्हा सुरू झाली. काकांच्या बायकोचा करार संपला आणि दोघं परत गेली. निघायच्या आदल्या दिवशी मुलींनी त्यांना पैठणीच्या काठाचा एक झब्बा दिला, तो त्यांनी तिथेच, शर्टावरूनच घातला. आता ते आपल्या गावातल्या शाळेत लहान मुलामुलींना शिकवतात. स्कोअर लिहीत नाहीत म्हणे. पालक कुरकुर करतात.

मुलगी पुण्याला शिकते आणि विद्यापीठाकडून खेळते. तिची मॅच असली की मी पूर्वीसारखी फोन हातात घेऊन बसत नाही. पेशंट असतील तर पेशंट बघते, नसतील तर झोपते. संध्याकाळी तिचा फोन येतो. उचलल्यावर पहिलं वाक्य तेच असतं, “मी ठीक आहे.” मग मी म्हणते, “हं, आता सांग,” आणि ती जिंकल्या-हरल्याची सगळी मॅच पहिल्यापासून सांगायला लागते.